दोन पंचांगे आणि एक आकाश

मंडळी, भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव रेणुकामातेच्या नावाने ओळखले जाते आणि मिरचीच्या बाजारासाठीही. अशा गावात तारीख, वार, तिथी आणि नक्षत्र यांवाचून पान हलत नाही. बाजार वाराने भरतो. सण तिथीने येतात. पेरणीचे मन मृग नक्षत्राकडे लागलेले असते. आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मात्र इंग्रजी तारखेला फेडावा लागतो. कामे चार आणि मोजण्याही चार.

या चार मोजण्या एकमेकींशी जुळतात का? जुळत नाहीत. मग आपला व्यवहार चालतो कसा? पूर्वीच्या जाणत्यांनी त्यांतली विसंगती ओळखली, तिचे माप काढले आणि ती मिटविण्याची काही रीत बसवली, म्हणून तो चालतो. महाराष्ट्रातील गणितकारांनी हे काम सुमारे साडेचारशे वर्षे केले. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती पंचांगाची आहे. परंतु तिच्यातून मिळणारा धडा मोजणीच्या, हिशेबाच्या आणि निर्णयाच्या प्रत्येक कामाला लागू पडतो.

प्रथम आपल्याच मुलखातले एक उदाहरण घेऊ. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्या दिवशी आपल्या भागातल्या पंचांगात शक १८७० होता, हिजरी सन १३६७ होते आणि निजामी महसुली कागदांवर फसली सन १३५७ होते. दिवस एकच, पण इंग्रजी सन धरून त्याला चार आकडे. जुनी दस्तऐवजे पाहणाऱ्या शिक्षकांना आणि जमिनीचे जुने उतारे काढणाऱ्या शेतकऱ्यांना हा घोळ परिचयाचा आहे.

यातले फसली सन मुळात एका विसंगतीवरचा उपायच आहे. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. पीक येते सूर्याच्या वर्षाने, म्हणजे ३६५ दिवसांनी. त्यामुळे साधारण ३३ सौर वर्षांत हिजरीची ३४ वर्षे होतात. आता सारा हिजरी सनाप्रमाणे मागितला, तर ३३ पिकांवर ३४ सारे बसतील! अंतर आकड्यांतले खरे, पण ते भरून निघणार कुणब्याच्या कणगीतून. म्हणून मोगलांनी पिकाशी जोडलेले फसली सन काढले. दख्खनमध्ये ते शहाजहानच्या काळात, १६३६ साली सुरू झाले. त्या वेळचा हिजरीचा आकडा १०४६ तसाच उचलला आणि पुढे मोजणी सूर्याच्या वर्षाने ठेवली. म्हणूनच १९४८ साली फसली सन हिजरीच्या दहा वर्षे मागे दिसते.

आपल्या पंचांगाने हीच अडचण निराळ्या रीतीने सोडवली होती. महिने चंद्राचे ठेवायचे, वर्ष सूर्याचे ठेवायचे आणि दरवर्षी मागे पडणारे सुमारे अकरा दिवस साठत गेले की एक महिना अधिक घालायचा. १९ वर्षांत असे ७ अधिक महिने येतात. अधिक महिना केव्हा घालायचा, याचा नियमही नेटका आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, म्हणजे सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो महिना अधिक. दोन न जुळणाऱ्या मोजण्या एका घरात नांदवण्याची ही युक्ती फार जुनी आहे.

परंतु येथे एक मेख आहे. अधिक महिना ठरतो संक्रांतीवरून, आणि संक्रांत ठरते सूर्याच्या गणितावरून. ते गणितच चुकत असेल तर?

ते चुकत आहे, हे प्रथम कोणी पाहिले? अनेकांनी पाहिले असेल. पण महाराष्ट्रात ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणारा पुरुष म्हणजे कोकणातील नांदगावचा केशव दैवज्ञ. त्याचा ग्रहकौतुक हा ग्रंथ १४९६ सालचा. केशवापुढे ब्राह्म, आर्य आणि सौर असे तीन सिद्धांत होते. तिन्ही पूज्य, तिन्ही गणिताने चोख. पण एकाच ग्रहाचे स्थान तिन्हींनी काढले तर तीन निरनिराळी उत्तरे येत. केशवाने रात्री उभे राहून ग्रह पाहिले आणि कोणत्या ग्रंथाचे उत्तर आकाशाशी किती जुळते ते नोंदले. पुढच्या गणकांसाठी त्याने असेही लिहून ठेवले की, कालांतराने पुन्हा अंतर पडेल; तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष पाहून गणित सुधारून घ्यावे. आपल्या ग्रंथात पुढे चूक निघेल, हे त्याने धरूनच ठेवले होते. केवढा हा मोकळेपणा!

त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ. १५२० साली, म्हणजे शके १४४२ मध्ये, त्याने ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. तीन सिद्धांतांचे भांडण त्याने कसे मिटवले ते पाहण्यासारखे आहे. कोणताही एक सिद्धांत त्याने सर्वस्वी खरा धरला नाही. सूर्य घेतला सौर सिद्धांताचा. चंद्रही सौराचाच, पण नऊ कलांनी कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू घेतले आर्य सिद्धांताचे. शनीही आर्याचा, पण त्यात पाच अंश मिळवून. बुधाचे केंद्र घेतले ब्राह्म सिद्धांताचे. आणि शुक्राच्या केंद्रासाठी आर्य व ब्राह्म या दोहोंची सरासरी घेतली. असे केले म्हणजे ग्रह डोळ्यांना दिसतात तेथे येतात, एवढेच कारण त्याने दिले. गणित आणि दृष्टी यांच्या या मेळाला जुना शब्द आहे दृक्प्रत्यय. त्यासाठी गणितात जी दुरुस्ती करतात तिला म्हणतात बीजसंस्कार.

गणेशाने सगळ्याच ग्रहांची सरासरी काढली नाही, हे ध्यानात घ्या. तीन साक्षीदार तीन गोष्टी सांगू लागले, तर तिघांच्या मधली गोष्ट खरी असेलच असे नाही. कधी एकच खरा असतो, कधी एकाला थोडी दुरुस्ती लागते आणि कधी खरोखरच सत्य दोघांच्या मध्ये असते. कोणत्या बाबतीत काय, हे साक्षीदारांबाहेरच्या कसोटीने ठरवावे लागते. गणेशाची कसोटी आकाश होती.

ग्रहलाघव सोपा होता. त्यात ज्या-चापाची किचकट आकडेमोड नाही. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र धरून सगळा हिशेब हलका केलेला. त्यामुळे गावोगावचे जोशी त्यावरून पंचांग करू लागले आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र त्यावर चालला. मात्र केशवाने बजावले होते तसेच झाले. अंतर पुन्हा पडले. आणि या वेळी ते डोळ्यांत भरण्यास फार काळ लागला. त्याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे.

तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती एकसारखी नसते, म्हणून तिथीही लहानमोठी होते. जुन्या गणिताने ती साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटका वाढे आणि सहा घटका घटे. प्रत्यक्षात ती सात घटका वाढते आणि दहा घटकांपर्यंत घटते. घटका म्हणजे २४ मिनिटे. मग हा फरक कोणाला दिसला कसा नाही? जुने गणक आपले गणित पारखीत ग्रहणांवर. ग्रहण लागते फक्त पौर्णिमेला किंवा अमावास्येला. आणि चंद्रगतीतला जो भाग जुन्या गणितातून सुटला होता, तो नेमका त्या दोन दिवशी दडून राहतो व अष्टमीच्या आसपास सर्वांत मोठा होतो. म्हणून ग्रहण वेळेवर लागे, लोक पंचांगाला मान डोलावीत आणि अष्टमीची समाप्ती मात्र काही वेळा पाच तासांनी चुकलेली असे. एकाच वजनाने पारखलेली तागडी त्या वजनाला खरीच उतरते! दुसऱ्या वजनाला ती कशी उतरेल, हे दुसरे वजन टाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. मुंजाल नावाच्या गणकाने ९३२ सालच्या सुमारास चंद्राचा हा दुसरा संस्कार सांगितला होता. पण नित्याच्या पंचांगात तो शिरला नाही.

दुसरे अंतर वर्षाच्या लांबीचे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांचे. सूर्याला ताऱ्यांपासून निघून त्याच ताऱ्यांपाशी परत येण्यास खरोखर लागतात ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंद. म्हणजे चूक साडेतीन मिनिटांहूनही कमी. दुर्बिणीवाचून काढलेल्या आकड्याला शाबासकीच दिली पाहिजे! पण ऋतू ताऱ्यांवर चालत नाहीत. एका वसंतसंपातापासून दुसऱ्या वसंतसंपातापर्यंतचे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदांचे असते. सूर्यसिद्धांताच्या वर्षाशी त्याचे अंतर जवळजवळ २४ मिनिटे. साठ वर्षांत होतो एक दिवस आणि चौदाशे वर्षांत तेवीस.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो. पण दिवस वाढू लागतो २२ डिसेंबरच्या पुढे, आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट मृगाची. आज मृग ७ किंवा ८ जूनला निघतो. शिवछत्रपतींच्या बालपणी तो ऋतुमानाने पाच-सहा दिवस आधी निघत असे. पाऊस सूर्याच्या ऋतूने येतो. नक्षत्र मात्र हळूहळू पुढे सरकते. नक्षत्रावरून पाऊस सांगणाऱ्या जुन्या म्हणी ज्यांनी रचल्या, त्यांचा मृग आणि आपला मृग यांत हे अंतर पडलेले आहे. एका आयुष्यात ते एका दिवसाएवढे. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ही सगळी मापे एकत्र झाली. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरोपंत, यांनी पाश्चात्त्य वेधांवरून ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत सिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग काढले. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. विसाजी रघुनाथ लेले यांचा पक्ष सायन पंचांगाचा. म्हणजे तारे सोडा आणि थेट ऋतूंना धरा. शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच पक्षाचे. त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि हा सगळा वाद समजून घेण्यास आजही तोच ग्रंथ उघडावा लागतो. बागलकोटचे शाळामास्तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ज्योतिर्गणित लिहून गणित तर अचूक केले, पण आरंभबिंदू केरोपंतांहून निराळा धरला. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात जातीने लक्ष घातले. १९०४ साली मुंबईस आणि १९१९ साली सांगलीस पंचांगाच्या परिषदा भरल्या.

एवढे विद्वान, एवढ्या परिषदा. मग एकमत का झाले नाही? मंडळी, आजच्या हकिकतीचे मर्म येथे आहे. त्या वादात दोन निरनिराळ्या जातींच्या विसंगती एकमेकींत मिसळल्या होत्या.

पहिली जात म्हणजे चूक. अष्टमी सकाळी संपली की दुपारी, वर्ष किती मिनिटांचे, यांचा निवाडा आकाश देते. तेथे बहुमत नको आणि परंपराही नको. दुर्बीण लावा आणि पाहा.

दुसरी जात म्हणजे संकेत. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा? वर्तुळाला मुळात टोक नसते. ते आपण ठरवतो. सूर्यसिद्धांताने रेवतीचा तारा आरंभबिंदूपाशी सांगितला आणि चित्रेचा तारा त्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. आकाशात पाहिले तर रेवती म्हणून धरलेला तारा आणि चित्रा हे बरोबर समोरासमोर नाहीत. सुमारे चार अंशांचे अंतर पडते. म्हणजे ग्रंथातली दोन्ही वाक्ये एकदम खरी होऊ शकत नाहीत. रेवती धरावी तर चित्रा सुटते, आणि चित्रा धरावी तर रेवती. टिळक पंचांग रेवतीच्या बाजूचे, केतकरांचा पक्ष चित्रेचा. हा वाद जगातली सर्वांत मोठी दुर्बीण आणली तरी सुटणारा नाही. तो बसून, बोलून, करारानेच मिटावयाचा. परंतु पहिल्या जातीच्या प्रश्नाला करार लावावा आणि दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला खरे-खोटे लावावे, असे होत गेले, आणि भांडण लांबले.

चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. त्यामुळे टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. पण खरी गंमत अधिक महिन्यात होते. २०१२ साल आठवा. त्या वर्षी १६ सप्टेंबरच्या सकाळी अमावास्या संपली आणि चित्रा पक्षाच्या हिशेबाने सूर्याची कन्यासंक्रांत त्यानंतर काही तासांनी झाली. मागचा महिना संक्रांतीवाचून कोरा राहिला, म्हणून तो अधिक भाद्रपद. आणि गणेशचतुर्थी आली १९ सप्टेंबरला. टिळक पंचांगाची कन्यासंक्रांत चार दिवस आधीच, त्याच महिन्यात होऊन गेलेली. त्यामुळे त्यांच्या लेखी तोच खरा भाद्रपद, आणि त्यांचे गणपती बसले ऑगस्टमध्येच. नियम दोघांचा एकच, चंद्र एकच, सूर्य एकच. आरंभबिंदूत चार अंशांचा फरक, आणि सणात एका महिन्याचा! लहान विसंगतीचे माप नेहमी लहानच राहते असे नाही. नियम जेथे काठावर निर्णय घेतो, तेथे तीळभर अंतर डोंगराएवढे होते.

अशी अडचण केवळ आपल्याकडेच आली असे नव्हे. युरोपात पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हटले आणि दहा दिवस गाळले. इंग्लंडला ते मान्य करण्यास १७५२ साल उजाडले आणि रशियाला १९१८. चूक सर्वांना कळली होती. पण ती कोणाच्या हुकमाने दुरुस्त करायची, यावर ३३६ वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारपुढे हाच प्रश्न आला. देशात निरनिराळी सुमारे तीस पंचांगे आणि कालगणना चालू होत्या. नोव्हेंबर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी, केसरीचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे रा. वि. वैद्य हे सभासद होते. चिटणीस होते निर्मलचंद्र लाहिरी. १९५५ साली अहवाल आला.

समितीने कामे वेगळी केली. व्यवहाराची दिनदर्शिका ऋतूंना बांधली. वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला सुरू करायचे. लीप वर्षी २१ मार्चला. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३० दिवसांचे, आणि लीप वर्षी चैत्रही ३१ दिवसांचा. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय दिनांक सुरू झाला. राजपत्रात, सरकारी पत्रव्यवहारात आणि आकाशवाणीच्या बातम्यांत तो वापरावा असे ठरले. सणांसाठी मात्र ताऱ्यांची जुनी चौकट ठेवली. २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरले, म्हणजे व्यवहारात चित्रा पक्षच मान्य केला. तिथी आधुनिक वेधांवरून काढायच्या आणि सबंध देशासाठी एक मध्यस्थान धरायचे, असेही ठरले.

तेव्हा चूक होती तेथे समितीने आकाशाचे ऐकले, संकेत होता तेथे करार केला, आणि एकाच दिनदर्शिकेवर दोन निरनिराळी ओझी लादण्याचे टाळले. सगळा वाद मिटला का? नाही. टिळक पंचांग आजही निघते, आणि राष्ट्रीय दिनांक फार थोड्या लोकांच्या तोंडी बसला. पण निदान कोण कोठे आणि किती अंतरावर उभा आहे, हे आता स्पष्ट सांगता येते. ज्याचे माप झाले आहे, त्या मतभेदासह माणसे शेजारी राहू शकतात.

गावच्या कामातही हेच उपयोगी पडते. बांधावरून दोन भावांची मोजणी जुळत नसेल, तर आधी पाहावे की दोघे एकाच मापाने मोजत आहेत ना. एकाची बिघ्यात आणि दुसऱ्याची एकर-गुंठ्यांत असेल, तर कोणीच खोटा नाही. फक्त माप एक करावयाचे आहे. माप एकच असून उत्तर निराळे येत असेल, तर पुन्हा साखळी ओढावी. तेथे पंचांची मते मोजून भागणार नाही. कोणता तंटा कोणत्या जातीचा, हे ओळखले की अर्धा तंटा मिटतो.

शेवटी शिक्षकांसाठी एक काम. शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवा. २२ डिसेंबरला तिची माध्यान्हीची सावली मोजा आणि १४ जानेवारीला पुन्हा मोजा. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपल्या भागात साधारण साडेबाराच्या सुमारास सावली दिवसातली सर्वांत आखूड होते. म्हणून बारापासून दर पाच मिनिटांनी खूण करीत जावे आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी. पिंपळगावच्या परिसरात पहिल्या दिवशी ती सुमारे ९६ सेंटिमीटर भरेल आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ८९. मधल्या तेवीस दिवसांत सूर्य किती उत्तरेकडे सरकला, ते मुले स्वतः मोजतील. मग त्यांना विचारा, उत्तरायण कोणत्या दिवशी सुरू झाले? त्यांनी एकदा सावली पाहून उत्तर दिले, म्हणजे दृक्प्रत्यय या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागणार नाही.